दोघांपुरती गाडी

माझे बाबा कुठलीच वस्तू पटकन घेणाऱ्यातले नव्हते. छत्री घ्यायची म्हटली तरी दुकानातल्या सगळ्या छत्र्या उघडून-मिटून बघायचे आणि शेवटी घरातलीच जुनी दुरुस्त करून आणायचे. मिक्सर कुठला घ्यावा याचा त्यांनी इतका अभ्यास केला की माझं लग्नसुद्धा आईच्या पाट्यावरच्या वाटणावर पार पडलं. त्यामुळे रिटायर झाल्यावर एक दिवस जेवता जेवता त्यांनी जाहीर केलं की आपण कॅम्पिंगसाठी एक छोटा ट्रेलर घ्यायचा, आपल्या गाडीमागे जोडायचा आणि अधूनमधून कुठेतरी जाऊन मुक्काम करायचा, तेव्हा आई नुसती हसली. मी मात्र चिडले. कर्जतला माझं शिवणकामाचं दुकान आहे, आणि हातात घेतलेलं काम रेंगाळलं की माझं डोकं फिरतं. म्हटलं, आता हा ट्रेलर आमची पुढची कित्येक वर्षं खाणार.

तेवढी वर्षं आमच्याकडे नव्हती. पण हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं.

बाबांचं नाव वाल्मिक. रसायनीच्या एका केमिकल कंपनीत ते ऑपरेटर होते आणि मी त्यांची एकुलती एक, कंपनीच्या कॉलनीतच वाढलेली. शिफ्टवाल्यांच्या कॉलनीत एक रीत होती. नाईट करून आलेला माणूस दिवसा झोपला की त्याची बायको दाराच्या कडीला पंचा बांधायची. पंचा दिसला की भाजीवाली आवाज न देता पुढे जायची, पोरं आपला खेळ पलीकडच्या लाइनीत न्यायची, शेजारीण कुकर लावायची थांबायची. काम कितीही महत्त्वाचं असो, नाईटवाल्याला झोपेतून उठवायचं नाही. अर्धवट झोपेतला ऑपरेटर चुकीचा व्हॉल्व्ह फिरवतो आणि मग काय होतं, हे तिथल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं. माझी आई, छाया, अख्खा दिवस नुसत्या डोळ्यांच्या खुणांवर घर चालवायची. पुढे मोहोपाड्यात स्वतःचं घर झालं, क्वार्टर सुटली, बाबा रिटायर झाले, पण दुपारी त्यांचा डोळा लागला की आईचा हात आपोआप पंचाकडे जायचाच.

ट्रेलरचं खूळ कुठून आलं ते बाबांनी मला एकटीला सांगितलं होतं. आईसमोर असलं काही बोलायला त्यांना लाज वाटायची.

"रातभर जागायचो ते कंपनीसाठी," ते म्हणाले. "टाकीवर चढलं की समोर डोंगराची रांग, वर सगळं आभाळ. आणि मी मीटर बघतोय. आता एक रात्र तशीच बाहेर काढायची हाय, पण झोपायला. तुझ्या आईला घेऊन. अगं, ती रात्रीची झोपायची तेवा मी कामावर, मी झोपायचो तेवा ती पंचा बांधून बाहेर बसलेली. आमी दोघं एका वेळी झोपलोय कवा?"

मी म्हटलं, मग तंबू घ्या की. तर आईच्या गुडघ्यांना जमिनीवरून उठबस जमत नाही. रिसॉर्टला जा म्हटलं, तर दुसऱ्यांच्या गाद्यांवर त्यांना झोप लागत नाही. ट्रेलरच हवा होता. आणि तो त्यांना त्यांच्या पद्धतीने, पारखून हवा होता.

चौक गावात जुन्या हायवेवर मनोजचं गॅरेज आहे. आधी तो टेंपोच्या बॉड्या बांधायचा, मग वडापावच्या गाड्या बांधायला लागला, आणि कर्जतच्या बाजूला कॅम्पिंगवाल्यांची गर्दी वाढली तसा छोटे ट्रेलर बांधू लागला. दिवाळी झाल्यावर बाबा आम्हा दोघींना घेऊन तिथे गेले. मुलगी बघायला जावं तसा इस्त्रीचा शर्ट घातला होता. आई गाडीत म्हणाली, घर असताना माणसानं डब्यात जाऊन का झोपावं ते मला कळत नाय. तेव्हापासून आमच्या घरात ट्रेलरचं नाव डबा पडलं.

मनोजकडे तेव्हा दोन तयार होते. एक बुटका, मागे निमुळता होत गेलेला. आत नुसती गादी, आणि मागचं झाकण वर केलं की स्वयंपाकाचा छोटा ओटा. दुसरा उंच, आत माणूस उभा राहील असा, घडीचं टेबल आणि बाकडी असलेला. मनोजने आधी विचारलं गाडी कुठली, आणि मग सरळ सांगितलं, "काका, तुमची गाडी उंच डबा ओढायची नाय. सपाटीला ओढील, पण घाट लागला की रडंल. दोघंच असाल तर बुटका घ्या."

बाबांना बुटका बघताक्षणीच आवडला होता, पण आवडला म्हणून लगेच घेतला तर ते बाबा कसले. त्यांनी आईला चपला काढून आत आडवं व्हायला सांगितलं. आई लाजली, इकडेतिकडे बघितलं आणि मांजरासारखी सरपटत आत शिरली. मग बाबा तिच्या शेजारी आडवे झाले. म्हणाले, आता कूस बदल. आईने बदलली. परत बदल. परत बदलली. आपल्याला जाग आली असती का याचा ते डोळे मिटून विचार करत होते. मनोज बाहेर तोंडावर हात धरून हसत होता आणि मी रस्त्याकडे तोंड करून उभी होते. माझे आईवडील भर दुपारी गॅरेजमध्ये शेजारी शेजारी झोपून कुशी बदलत होते, मी दुसरं काय करणार?

तरी त्या दिवशी ट्रेलर घेतला नाही. गादीची रुंदी त्यांना घरी जाऊन बघायची होती. पुढच्या खेपेला मी मोहोपाड्याला गेले तर घरात कुणी नाही. गच्चीवर जाऊन बघते तर माझ्या दुकानातला मार्किंगचा खडू घेऊन बाबांनी फरशीवर ट्रेलरचा पूर्ण आराखडा काढला होता. इथे दार, इथे खिडकी, पायथ्याशी सामान ठेवायची फळी. आणि त्या चौकटीच्या आत, उशा घेऊन, थंडीच्या कोवळ्या उन्हात दोघं पडली होती. आई मला बघून गुडघा धरत उठायला लागली तर बाबा म्हणाले, पाय रेषेबाहेर जातोय, आत घे. मी ओरडले त्यांना, की अहो, आता तरी घ्या तो. पण ओरडताना मला हसू येत होतं, आणि खरं सांगायचं तर आईलाही आता ते खेळणं आवडायला लागलं होतं. फरशीवरचं दार चुकीच्या बाजूला आहे, असं ती गंभीरपणे सांगत होती.

त्याच दिवसांत बाबांचा खोकला वाढला. खोकला जुना होता, कंपनीतल्या निम्म्या माणसांना असतो तसा. पण आता आडवं पडलं की दम लागायचा. पनवेलच्या डॉक्टरांनी छातीचे फोटो काढले आणि मला बाहेर बोलावून सांगितलं की फुफ्फुसं कडक होत चालली आहेत, ती पुन्हा पहिल्यासारखी होत नाहीत. मी जिन्यात बसून रडले आणि तोंड धुऊन आत आले. बाबांना सगळं आधीच कळलं होतं. गाडीत बसल्यावर ते म्हणाले, म्हणजे बुटका गेला. मला क्षणभर कळेना. मग लक्षात आलं, त्यांना आता सपाट झोपता येणार नव्हतं, आणि बुटक्यात बसायला जागा नव्हती.

इथून पुढची निवड वेगळीच होती. आधी ट्रेलर आमच्या गाडीला बसायला हवा होता, आता तो बाबांच्या श्वासाला बसायला हवा होता. मनोजने मधला मार्ग काढला. बुटक्यापेक्षा थोडा उंच, पण पत्रा पातळ, म्हणजे गाडी ओढेल. डोक्याकडची गादी वर उचलून पाठ टेकता येईल अशी. बाबा त्यावर टेकून बसले आणि म्हणाले, झकास. मनोज कामाला लागला. ते होईस्तोवर ऑक्सिजनचं मशीन घरात आलं. मग मशीनला जागा हवी, बॅटरी हवी, प्लग हवा. मनोजने फळी कापून मशीनचा कप्पा केला. तो होईस्तोवर बाबांना पायरी चढायला जड जाऊ लागलं. प्रत्येक वेळी मनोज मान हलवायचा, करतो काका म्हणायचा आणि खरंच करायचा. पण बाबांचं शरीर त्याच्या एक पाऊल पुढेच धावत होतं.

आई या काळात पार बदलली. ज्या डब्याला ती हसायची, त्याच्यासाठी आता तीच मनोजला सारखे फोन करायची. बाबांच्या कंपनीत गोमा नावाचे एक कामगार होते, कर्जतकडे डोंगराच्या पायथ्याच्या वाडीतले. त्यांच्या वाडीखाली मोकळा माळ आहे, तिथे ट्रेलर लावायचं ठरलं होतं. आईने गोमाकाकांना विचारून घेतलं की मशीनला वीज मिळेल का. त्यांनी माळावरचं गवत काढून जागा सपाट केली, घरापासून तिथपर्यंत वायर ओढली, आणि रोज ते कुणाच्यातरी फोनवरून निरोप पाठवायचे की जागा तयार आहे. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, जवळच असेल आणि मशीन चालू राहणार असेल तर न्या. मग म्हणाले, पण लवकर न्या.

मी पडदे शिवायला घेतले. आईने कापड निवडलं, फिकट पिवळं, बारीक पानांचं. दुकानात गिऱ्हाईकं खोळंबली होती, त्यांना मी थांबवून ठेवलं. सगळं ठरलं होतं. मनोज ट्रेलर मोहोपाड्याला दारात आणणार, आमच्या गाडीला हूक बसवून देणार, आणि बाबा एकदा पायरी चढून बघतील त्याप्रमाणे ती पायरी कायमची वेल्ड करणार. दुसऱ्या दिवशी मी पडदे घेऊन येणार आणि तिथून आम्ही गोमाकाकांच्या माळावर जाणार. ते दोघं ट्रेलरमध्ये झोपणार आणि मी गोमाकाकांच्या घरी. एक रात्र, बस. त्याहून जास्त कुणी मागत नव्हतं.

मनोज यायच्या आदल्या रात्री बाबा झोपलेच नाहीत. त्याच्याही आधीच्या रात्री त्यांना नीट झोप नव्हती, खोकला बसू देत नव्हता, आणि आई त्यांच्या पाठीवर हात फिरवत उशाशी होती. मनोज येणार त्या दुपारी पेज खाऊन ते उशांना टेकले आणि त्यांचे डोळे मिटले. आईने मशीनचा आवाज सोडून घरातला प्रत्येक आवाज बंद केला आणि कडीला पंचा बांधला. थोड्याच वेळात मनोजची जीप गल्लीत शिरली, मागे ट्रेलर. गल्लीतले लोक बघायला बाहेर आले. मनोजने हॉर्न वाजवला. आई धावत बाहेर गेली, ओठांवर बोट ठेवलं आणि त्याला हळूच सांगितलं, ते आत्ताच झोपलेत, उद्या ये. तो म्हणाला, काकी, दोन मिनिटांचं काम आहे, पायरी तेवढी बघू दे. आई म्हणाली, नको रं, उद्या. मनोजने ट्रेलर तसाच वळवला आणि चौकला परत नेला.

हे आईने मला फोनवर सांगितलं तेव्हा मी दुकानात शेवटच्या पडद्याला दुमड घालत होते. मी तिच्यावर नुसती तुटून पडले.

"उठवायचं होतंस की गं," मी म्हटलं. "एवढे महिने ज्याची वाट बघतायत ते दारात आलं आणि तू परत पाठवलंस? ते काय आता नाईटला जाणार आहेत? कसली झोप जपतेस?"

आई म्हणाली, उद्या येईल की तो, आणि तिने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांचे ओठ निळे पडले. मनोज निघायच्या आत आईने शेजाऱ्यांच्या मदतीने त्यांना पनवेलला हलवलं. मी पडद्यांची पिशवी घेऊन कर्जतहून निघाले होते, ती तशीच हॉस्पिटलात खुर्चीखाली पडून राहिली.

हॉस्पिटलातल्या एका दुपारी आई खाली औषधं आणायला गेली होती. बाबा जरा शुद्धीवर, जरा बरे वाटत होते. तोंडावरचा मास्क त्यांनी बोटाने किंचित वर उचलला आणि विचारलं, डबा कसा दिसत होता? मी म्हटलं, मी बघितला नाही, पण आई म्हणते छान दिसत होता. ते हसल्यासारखं करून म्हणाले, आवाज तर चांगला वाटला, कुठं खडखड नाय केली.

माझ्या लगेच ध्यानात आलं नाही. मग मी विचारलं, "बाबा, तुम्ही जागे होतात?"

"जागाच होतो," ते एकेक शब्द तोडून म्हणाले. "हॉर्न वाजला, ही पळाली, सगळं ऐकलं. म्हटलं आता ही येईल, हाक मारील. डोळे मिटून वाट बघत होतो. तिनं एक हाक मारली असती तर उठलो असतो गं."

"मग तुम्हीच का नाही उठलात?"

त्यांनी बराच वेळ श्वास घेतला. मी झोपलो म्हणून तिला किती बरं वाटलं होतं, ते म्हणाले, किती जपून चालत होती. जागा हाय म्हणून सांगायला जीव झाला नाय. त्यांना आणखी काही बोलायचं होतं, पण नर्स आली, मास्क नीट बसवला आणि मला रागावली. मग आई औषधं घेऊन आली आणि त्यांनी डोळे मिटले. त्यानंतर ते माझ्याशी असं सलग कधी बोलले नाहीत. पुढे थोड्याच दिवसांत ते गेले.

तेराव्यापर्यंत घरात माणसं होती. गोमाकाका येऊन ओसरीवर बसले, चहा प्याले नाहीत, आणि जाताना आईच्या पायांना हात लावून गेले. मला आईकडे बघवत नव्हतं. फोनवर मी जे बोलले होते ते आम्हा दोघींच्या मध्ये तसंच पडलं होतं. घरात कुणी "झोपले" हा शब्द जरी उच्चारला तरी तिचे हात थांबायचे, ते मला दिसायचं. आणि माझ्या पोटात बाबांचं ते वाक्य होतं. ते मी कुणालाही सांगितलं नव्हतं, माझ्या नवऱ्यालाही नाही. कधी वाटायचं सांगून टाकावं, म्हणजे ते झोपले नव्हते एवढं तरी तिला कळेल. मग पुढचं वाक्य आठवायचं आणि तोंड उघडायचं नाही.

सगळं आटोपल्यावर मनोजचा फोन आला. ट्रेलरचं काय करायचं, हे विचारायला बिचाऱ्याला संकोच वाटत होता. मी सांगणार होते की दे कुणालातरी, पण आईने फोन माझ्या हातातून घेतला आणि म्हणाली, आमी येतो बघायला.

आम्ही रिक्षाने चौकला गेलो. ट्रेलर शेडमध्ये एका बाजूला उभा होता, पांढरा, दाराला हिरवी पट्टी. पायरी नुसती टेकवून ठेवली होती, कायमची जोडलेली नव्हती. मनोजने दार उघडलं आणि पाणी आणायच्या निमित्ताने तो दूर गेला. आईने चपला काढल्या आणि मी धरलेल्या पायरीवरून आत चढली. मीही आत गेले. डोक्याकडची गादी वर उचललेली होती, मशीनचा कप्पा रिकामा होता. आई भिंतीच्या बाजूला बसली. मग पाय वर घेऊन आडवी झाली, तिच्या जागी, शेजारची जागा सोडून. मी पायथ्याशी बसले. पडद्यांची पिशवी मी का आणली होती कुणास ठाऊक, मांडीवर धरून बसले.

शेडच्या पत्र्यातून ऊन आत येत होतं. आई वर छताकडे बघत होती.

"अक्षू," ती म्हणाली, "त्या दिवशी ते झोपले नव्हते."

माझ्या हातातली पिशवी तशीच राहिली.

"तुला वाटत असंल मला कळलं नाय," ती म्हणाली. "अगं, आयुष्यभर त्यांची झोप राखली मी. झोपलेला माणूस पापण्या सैल सोडतो. ह्यांनी घट्ट मिटल्या होत्या. मनोजला वळवून आत आले तेवा बघितलं मी. हॉर्न वाजला तेवाच कळलं होतं खरं तर."

"मग हाक का नाही मारलीस?"

"मारली असती तर ते उठले असते." आई म्हणाली. "माझ्यासाठी उठले असते गं. नळी ओढत दारापर्यंत आले असते, पायरी चढायला गेले असते आणि नसतं जमलं त्यांना. सगळी गल्ली बघायला जमली होती. त्यांना ते ठाऊक होतं म्हणून तर डोळे मिटून पडले, असं मला वाटलं. म्हटलं, त्यांना नको असंल तर मी कशाला उठवू? झोपलेत म्हणून सांगितलं की त्यांचापण मान राहतो. उद्या जरा बरे असतील, तेवा आपणहून उठतील."

ती रडत होती आणि डोळे पुसत नव्हती. इतक्या दिवसांत मी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं. मला माझ्या फोनवरच्या बोलण्याची इतकी लाज वाटली की तिच्या पायांना हात लावावासा वाटला. एक वाट बघत होता, हाक येईल म्हणून. दुसरी हाक गिळून बसली होती, तो उठेल म्हणून. मध्ये फक्त एक दार होतं, तेही उघडं. आणि हे सगळं जाणणारी आता जगात मी एकटी होते.

आई कुशीवर वळली आणि माझ्याकडे बघू लागली.

"मी औषधाला खाली गेले होते तेवा तुझ्याशी बोलत होते ना ते? नर्स म्हणाली मला. त्या दिवसाबद्दल काय बोलले का गं?"

मला खोटं बोलता येत नाही. ब्लाउज तयार नसेल तर गिऱ्हाईकाला तयार आहे म्हणून सांगायलाही माझी जीभ अडखळते. पण आईच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि मी एका दमात म्हटलं, "नाही गं. दम कुठे होता त्यांना. पाणी मागितलं फक्त."

"खरं?"

"खरं."

तिने डोळे मिटले. तिच्या कपाळावरच्या आठ्या हळूहळू सैल होताना मला दिसल्या.

"बरं झालं बाई," ती म्हणाली. "म्हंजे त्यांनाच नको होतं. मला रोज वाटायचं, ते वाट बघत असतील. एका हाकेवर अडलं होतं, असं असतं तर मी कशी जगले असते गं?"

मी तिचे पाय दाबत बसले. थोड्या वेळाने मनोज पाण्याची बाटली घेऊन आला, दारात घुटमळला. आई उठून बसली, पदराने तोंड पुसलं आणि त्याला म्हणाली, कुणी दोघं नवराबायको आली तर त्यांना दे, फार घासाघीस करू नको. मग माझ्याकडे वळून म्हणाली, पडदेपण दे त्याला, चांगले शिवलेस. मी पिशवी मनोजच्या हातात दिली आणि खाली उतरून आईसाठी पायरी धरली.